खटका

‘सांगावा’ हा खेळ अश्लेषा हावळकडे तपासायला आला, तेव्हा खेळ वर्गीकरण मंडळात त्यावरून आधीच दोन तट पडले होते. खेळ बनवणारी कंपनी म्हणत होती, हे शब्दकोडं आहे. मंडळातल्या काहींना वाटत होतं, हा भूमिका-खेळ आहे. फरक नुसता नावाचा नव्हता. शब्दकोडं कुणीही, कुठेही, हवा तेवढा वेळ खेळावं. भूमिका-खेळाला मात्र नवा कायदा लागायचा. वयाची अट होती, रोजच्या वेळेला मर्यादा होती आणि विक्रीआधी डॉक्टरांची तपासणी होती.

“व्याख्या तुला पाठच आहे,” मंडळाच्या अध्यक्षा उर्मिला खर्डेकर फोनवर म्हणाल्या. “खेळणारा एक पात्र घेतो. त्याच्या निर्णयांनी गोष्ट बदलते. आणि खेळता खेळता ते पात्र वाढतं; काहीतरी शिकतं आणि ते त्याच्याजवळ राहतं. पहिल्या दोन गोष्टींवर वाद नाही. तिसरी बघ. पात्र वाढतं का?”

“आणि नाही वाढलं तर?”

“तर शब्दकोडं. तू शेवटपर्यंत खेळ आणि काय ते सांग. आडवळण न घेता रिपोर्ट देणारी दुसरी आहे कोण माझ्याकडे?”

अश्लेषा इचलकरंजीला वडिलांजवळ राहून काम करायची. खाली मागांची शेड, वर दोन खोल्या. शेडमधले माग बंद पडून बरीच वर्षं झाली होती. एकच माग आप्पांच्या हट्टापायी सकाळी थोडा वेळ चालवला जायचा. तो आवाज आला की आप्पा डोळे मिटून पडायचे.

आप्पांना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली होती आणि जीभ जड झाली होती. डोकं शाबूत होतं, कान तिखट होते, पण तोंडातून शब्द बाहेर पडायचे ते चिखलातून ओढून काढल्यासारखे. ते फक्त अश्लेषाला कळायचे. बोलणं ओळखणारं एक यंत्रही आणून पाहिलं होतं. त्याला निम्मे शब्द लागायचे, उरलेले ते स्वतःच्या मनाने भरायचं आणि एका गोड पुरुषी आवाजात वाचून दाखवायचं. आप्पांनी डाव्या हाताने ते भिंतीवर फेकून दिलं.

म्हणून आप्पा आणि विश्वजित यांच्यामध्ये अश्लेषा उभी असायची. विश्वजित तिचा मोठा भाऊ. माग सोडून सुरतेच्या मोठ्या गिरणीत नोकरीला गेला, त्या दिवशी आप्पा त्याला दारात जे बोलले ते दोघांच्याही मनातून गेलं नव्हतं. तो रविवारी फोन करायचा. पडद्यावर चेहरा यायचा, आप्पा काहीतरी बोलायचे, आणि अश्लेषा ते जसंच्या तसं सांगायची.

“दादा, आप्पा म्हणतायत, मालक लोकांची धुणी धुऊन झाली का?”

“आशू, तू हे जरा मऊ करून सांगू शकत नाहीस का गं?”

“ते जे म्हणतात तेच मी सांगणार. मला दुसरं जमत नाही.”

खरंच जमत नव्हतं. लहानपणी शेजारणीने ‘आई घरात आहे का?’ विचारलं, तर ‘आहे, पण नाही सांग म्हणाली’ असं सांगणारी मुलगी होती ती. रविवारचा फोन भांडणात संपायचा, विश्वजित पडदा बंद करायचा, आणि संध्याकाळपर्यंत घरात कुणी नीट जेवायचं नाही.

‘सांगावा’ दिसायला साधा होता. एक नदी, तिच्या दोन काठांवर दोन वस्त्या. एकीची भाषा दुसरीला येत नाही. दोन्ही भाषा येणारा एकच माणूस आहे, होडीतून सांगावे पोचवणारा दुभाषी. तो दुभाषी म्हणजे तुम्ही. या काठाचा मुखिया चिडून काही बोलतो. पलीकडे जाऊन ते कसं सांगायचं हे तुमच्यावर. जसंच्या तसं सांगितलं, तर संध्याकाळी होड्या जळतात. थोडं गाळलं, थोडं वळवलं, तर बाजार भरतो, लग्नं जुळतात, पोरं नदीत डुंबतात. तलवार नाही, गुण नाहीत, वरच्या पायऱ्या नाहीत. शेवटच्या प्रसंगातही दुभाष्याच्या खांद्यावर पहिल्या दिवसाचंच फाटकं घोंगडं. कंपनीचा मुद्दा तोच होता. हे पात्र तसूभरही वाढत नाही.

खेळायचं ते कपाळाला एक मऊ पट्टी बांधून. पट्टीमागचं शास्त्र कंपनीने लपवलं नव्हतं. खोटं बोलताना माणसाला आतून एक खटका बसतो. काळजाचा ठोका चुकतो, तळहात ओलावतात, बुबुळं विस्फारतात. मेंदूच्या खोल भागात भीतीचं एक केंद्र आहे, तिथून ती लहर उठते. पण पुन्हा खोटं बोललं की लहर जरा लहान येते, त्यानंतर आणखी लहान. लबाड माणूस जन्मत नाही, तो असा सरावाने घडतो, हे मेंदूच्या अभ्यासकांना ठाऊक होतं. पट्टीला मेंदूच्या आत पाहता येत नव्हतं, पण नाडी, घाम आणि बुबुळं यांवरून ती खटका मोजायची. खटका फार मोठा आला, तर खेळ पुढचा प्रसंग हलका द्यायचा. लहान आला, तर किंचित जड. तालमीत वस्ताद पोराच्या जोर-बैठका वाढवत नेतो, तसं. खेळणाऱ्याला कंटाळा येऊ नये आणि धसकाही बसू नये म्हणून ही सोय, असं कंपनी म्हणत होती.

सुरुवातीला अश्लेषाने होड्याच होड्या जाळल्या. तिचा दुभाषी एक शब्द वळवायचा नाही. मग खेळाने तिला एक म्हातारी दिली. पलीकडच्या काठावर तिचा मुलगा मेला होता आणि तिने विचारलं होतं, ‘तो शेवटी माझं नाव घेत होता का?’ घेत नव्हता. अश्लेषाने ‘होय’ दाबलं तेव्हा तिचे हात गार पडले होते. ती खुर्चीतून उठली, खोलीत येरझारा घातल्या, पाणी प्यायली आणि पुन्हा बसली. पुढे ते सोपं होत गेलं. बाजार भरायला लागले.

एका रविवारी विश्वजितचा फोन आला. आप्पा त्या दिवशी कडू झाले होते. ते म्हणाले, “त्येला सांग, मी मेलो की ये. खांदा द्यायला.”

“काय म्हणतायत?” विश्वजितने विचारलं.

अश्लेषाने तोंड उघडलं आणि तिच्या कानावर तिचाच आवाज आला. “म्हणतायत, जमेल तेव्हा येऊन जा.”

पोटात काहीतरी धप्पकन पडलं. आप्पांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यांची बोटं चादरीवर थांबली होती. ते आता ओरडणार, असं तिला वाटलं. पण पडद्यावर विश्वजितने चष्मा काढला होता. तो डोळे पुसत होता आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हता.

“खरंच म्हणाले?”

“हो.”

आप्पा गप्प राहिले. ते पोराकडे बघत होते. फोन पहिल्यांदाच भांडणाशिवाय संपला, आणि त्या दुपारी दोघांनी पोटभर आमटी-भात खाल्ला.

त्यानंतर रविवार गोड झाले. आप्पा म्हणायचे, “असल्या शर्टात माकड दिसतंय,” आणि अश्लेषा सांगायची, “शर्ट छान आहे म्हणतायत.” कधी आप्पा चिडून घशातून आवाज काढायचे, कधी तोंड भिंतीकडे करायचे. विश्वजितने विचारलं तर ती म्हणायची, दमलेत. विश्वजित आता बुधवारीही फोन करायला लागला. त्याने आप्पांसाठी सुरतेत व्यायामोपचाराचं चांगलं केंद्र शोधलं, खोली बघितली. त्याच्या बोलण्यात उत्साह मावत नव्हता. अश्लेषाला मात्र एका जागी बसवत नसे. भाजी चिरताना ती मध्येच गॅलरीत जायची, रिपोर्टचं पान उघडायची, मिटायची. काहीतरी राहून गेलंय असं सारखं वाटायचं, आणि काय ते आठवायचं नाही.

श्रावणातल्या एका रविवारी विश्वजित म्हणाला, “आप्पांना विचार, शेड देऊन टाकू या का? घेणारा चांगला आहे. मग आप्पांना आणि तुला इकडेच आणतो.”

आप्पांनी पूर्ण ऐकलं. मग एकेक शब्द ढकलत ते म्हणाले, “न्हाई. मी हाय तवर माग जाग्यावरनं हलायचं न्हाईत. सांग त्येला.”

“आप्पा म्हणतायत,” अश्लेषा म्हणाली, “तुला योग्य वाटेल ते कर.”

आप्पांचा डावा हात खाटेच्या लोखंडी कठड्यावर आपटला. एकदा, पुन्हा, पुन्हा. मान जोरजोरात हलायला लागली. अश्लेषाने हातातला फोन अलगद स्वतःकडे वळवला.

“आवाज कसला? काय झालं?”

“काही नाही रे. भरून आलंय त्यांना.”

“मलाही,” विश्वजित म्हणाला. “उद्याच त्या माणसाला होय सांगतो.”

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली, कुकर लावला, कोथिंबीर निवडायला घेतली. आत कठडा वाजत होता. कोथिंबिरीची अर्धी जुडी निवडून झाल्यावर तिचे हात थांबले. आपल्याला काहीच झालेलं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. ना काळजाचा ठोका चुकला, ना हात गार पडले. तिने आत्ता एका लुळ्या माणसाचा नकार त्याच्या तोंडातून काढून घेतला होता, आणि कोथिंबीर जून आहे एवढंच तिच्या मनात आलं होतं.

ती धावत टेबलापाशी गेली. पट्टीने नोंदवलेला आलेख तपासनिसाला बघता यायचा. कंटाळा मोजण्यापलीकडे तिने तो कधी वापरला नव्हता. म्हातारीच्या प्रसंगापाशी मोठा उंचवटा होता. पुढे उंचवटे बुटके होत गेले होते. शेवटी रेघ शेतातल्या सारवलेल्या खळ्यासारखी सपाट होती.

दुभाष्याचं घोंगडं तेच राहिलं होतं. वाढली होती ती.

तिने तिथूनच विश्वजितला फोन लावला. सांगायचं ठरवलं होतं, दादा, आप्पा नाही म्हणाले. त्याने फोन उचलला.

“काय गं, आत्ताच बोललो की.”

“अरे... आप्पांची गोळी बदलायची का, विचारायचं होतं.”

गोळी बदलायची नव्हती. वाक्य आपोआप आलं होतं, गुळगुळीत, ओठांवर तयार. तिने फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. आप्पांच्या खोलीत जायचं धाडस होईना. आता माफी मागितली, तर ती तरी खरी असेल का, हे तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. चमच्याने पेज भरवायला गेली तर त्यांनी तोंड मिटून घेतलं.

“आप्पा, मी खोटं सांगितलं,” ती म्हणाली. “व्यवहार होऊ देणार नाही. मला माझ्या जिभेचा भरवसा नाही, म्हणून चार लोकांत सांगणार आहे. उद्या कोल्हापुरात, मंडळाच्या सुनावणीत.”

आप्पांनी पेज घेतली नाही. पण ते म्हणाले, “जा.”

सुनावणीची खोली लहान होती. कंपनीतर्फे शौनक बेहेरे नावाचा तरुण आला होता. त्याने नीट, न अडखळता मुद्दे मांडले. शेवटी तो म्हणाला, “बाकी राहू द्या. मला एवढंच दाखवा की पात्र कुठे वाढतं? एक गुण दाखवा, एक पायरी दाखवा.”

“तपासनीस,” खर्डेकर म्हणाल्या, “तुमचा निष्कर्ष?”

अश्लेषा उभी राहिली. “हा भूमिका-खेळ आहे. गुण आहेत, पायऱ्याही आहेत. त्या पडद्यावर नाहीत, म्हणून कुणाला दिसल्या नाहीत. पात्र खुर्चीत बसलेलं असतं.”

बेहेरे हसला. “माणूस तर कशानेही बदलतो. कादंबरी वाचूनही बदलतो. मग कादंबरीलाही हाच कायदा लावायचा का?”

“कादंबरी वाचणाऱ्याची नाडी बघून पुढचं पान लिहीत नाही,” खर्डेकर म्हणाल्या. मग त्या अश्लेषाकडे वळल्या. “पुरावा काय?”

“मी.” अश्लेषा म्हणाली. “मी घरी वडिलांचं बोलणं भावाला सांगते. वडील मागांची शेड विकायला नाही म्हणाले आणि मी भावाला होय सांगितलं. वडील कठडा आपटत होते. मी फोन फिरवला. आणि मला काही वाटलं नाही, मॅडम. पूर्वी मला दूधवाल्याशीसुद्धा खोटं बोलता यायचं नाही.”

खर्डेकरांनी पेन खाली ठेवलं. “अश्लेषा, हे खरं असेल, तर तुझा आजचा शब्द तरी मी कसा धरू?”

“धरू नका. मला पट्टी बांधा. हा खेळ न खेळलेल्या कुणालाही शेजारी बसवा आणि दोघांना तोंडावर खोटं बोलायला लावा.”

तसं केलं गेलं. कचेरीतला एक लेखनिक शेजारी बसला. खर्डेकरांनी दोघांना त्यांच्याच आईवडिलांबद्दल प्रश्न विचारले आणि उत्तरं खोटी द्यायला सांगितली. लेखनिक तिसऱ्या प्रश्नाला घामाघूम झाला. अश्लेषाची रेघ हलली नाही. भिंतीवरच्या पडद्यावर ती सगळ्यांसमोर पसरली होती, आणि ती बघताना तिला उघडं पडल्यासारखं व्हायला हवं होतं. तेही थोडंसंच झालं.

बेहेरेने वही मिटली. तो हळू आवाजात म्हणाला, “आम्ही हे ठरवून केलेलं नाही.” त्याच्या चेहऱ्यावरून ते खरं वाटत होतं.

निर्णय होईपर्यंत खेळ भूमिका-खेळ धरावा आणि विक्री थांबवावी, असा आदेश निघाला. अश्लेषाची साक्ष तपासनीस म्हणून रद्द झाली आणि बाधित खेळाडू म्हणून नोंदली गेली. पुढची तपासणी होईपर्यंत तिला काम मिळणार नव्हतं. मंडळाच्या डॉक्टरांनी सांगितलं, यावर औषध नाही. खेळ बंद ठेवा, आणि जिथे खरं बोलल्याने नुकसान होतं तिथे खरं बोला. खटका परत येतो, पण सगळ्यांचा येतोच असं नाही.

जिन्यात खर्डेकर म्हणाल्या, “भावाला सांगितलंस?”

“नाही.”

“मग इथेच सांग. मी उभी आहे.”

तिने फोन लावला. पहिलं वाक्य ओठांवर आलं ते वेगळंच होतं. ते तिने गिळलं. मग आप्पांचा खरा नकार सांगितला. शेवटी विश्वजितने विचारलं, “म्हणजे ते पहिलं? जमेल तेव्हा येऊन जा?”

“ते पण.”

“मग काय म्हणाले होते?”

“मी मेलो की ये. खांदा द्यायला.”

“मी ते वाक्य रोज झोपताना आठवायचो, आशू,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

शेडचा व्यवहार त्याने त्याच दिवशी थांबवला, हे तिला त्या घेणाऱ्याकडूनच कळलं. पुढच्या रविवारी मात्र फोन आला. विश्वजितचा चेहरा ओढलेला होता. अश्लेषाने फोन आप्पांसमोर धरला. आप्पा बराच वेळ बोलले, थांबत, आवंढे गिळत. अश्लेषाचे डोळे भरून आले. तिने शब्द मोजून सांगितलं.

“आप्पा म्हणतायत, त्या दिवशी हिनं खोटं सांगितलं तेव्हा मी ओरडणार होतो. पण तू रडताना दिसलास. मला वाटलं, हे वाक्य माझ्याच तोंडात यायला पाहिजे होतं. म्हणून गप्प बसलो.”

विश्वजित कोरडं हसला. “झालं तुझं? चांगलं रचलंस.”

“दादा, हे त्यांनी...”

“कसं कळणार मला? तू सांग ना, कसं कळणार?”

आप्पा मान हलवत होते, होय, होय. पण मान तर शेडचा विषय निघाला त्या दिवशीही हलत होती. विश्वजितने पडदा बंद केला. अश्लेषा फोन धरून तशीच उभी राहिली, आणि तिच्या छातीत काहीतरी इतकं जोरात आदळलं की तिला खाटेचा कठडा धरावा लागला.

गुरुवारी दुपारी दारात रिक्षा थांबली. विश्वजित एक छोटी बॅग घेऊन वर आला. अश्लेषाने पाणी पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही.

“मी पंधरा दिवस सुट्टी टाकलीय,” तो म्हणाला. “त्यांचं बोलणं मी शिकणार. तुझ्याशिवाय. तू बाहेर थांब.”

“सुरुवातीला काही कळत नाही, दादा. ‘च’ आणि ‘स’ त्यांना...”

“सांगू नकोस.”

ती बाहेर येऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. दार पुरतं लागलं नव्हतं. आत खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मग आप्पांनी विचारलं, “च्या घेटलास?”

अश्लेषाला ते स्वच्छ ऐकू आलं.

“काय? चादर?” विश्वजितने विचारलं. “चादर पाहिजे?”

आप्पांनी पुन्हा म्हटलं.

“चावी? कसली चावी, आप्पा?”

तिने तळहात तोंडावर घट्ट दाबला. चहा रे, चहा. ती पायरीवर पुढे-मागे हलत होती. आप्पांनी तिसऱ्यांदा म्हटलं, आता चिडून, आणि ते चिडणंही तिला ओळखीचं होतं.

“च्या?” विश्वजित म्हणाला. “च्या घेतलास का, म्हणताय? न्हाई आप्पा. अजून न्हाई.”

मग आप्पांनी घसा साफ केला आणि दुसरं, लांब वाक्य सुरू केलं. पहिल्या शब्दावरूनच अश्लेषाला कळलं, ते रविवारचंच आहे, विश्वजितने खोटं ठरवलेलं. ती उठली आणि वाक्य पुरं व्हायच्या आत जिना उतरून खाली गेली.